बोर्ड उडाला, पण कशावरून?

वाचकाचं पत्र: "नमस्कार. आर्णी तालुक्यातल्या एका गावच्या पतसंस्थेत मी लिपिक आहे. कॉम्प्युटरचं थोडंफार कळतं म्हणून सर्व्हरही माझ्याकडेच आहे. उभ्या कॅबिनेटचा आहे, सात वर्षं जुना. आत दोन डिस्क आहेत. एकीत लिहिलं जातं तेच दुसरीत लिहिलं जातं, असं बसवणाऱ्याने सांगितलं होतं. मागच्या आठवड्यात संध्याकाळी विजा कडकडायला लागल्या. मी विंडोज रीतसर बंद केलं, यूपीएस बंद केला आणि मेन स्विच पाडला. सकाळी सुरू केलं तर पंखे जोरात फिरले आणि थांबले. पुन्हा आपोआप फिरले, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा बऱ्याच वेळाने कंपनीचं चिन्ह आलं, मग काळ्या पडद्यावर 'नो बूट डिव्हाइस फाउंड'. सेटिंगच्या पडद्यावर तारीख १ जानेवारी २०१८ दिसते. शहरातून मिस्त्री आला, थोडं पाहिलं आणि म्हणाला, 'बोर्ड उडला मॅडम, आता नवीनच घ्या लागते.' पिग्मीचे एजंट रोज पैसे आणतात, ते सध्या वहीत लिहितो. शेवटचा बॅकअप मार्चअखेरचा आहे, पेनड्राइव्हवर. संचालक म्हणतात, मेन स्विच पाडला म्हणून हे झालं. सोमवारी सभा आहे. काय करू?"

ताई, सोमवारी तुम्हाला जिची गरज पडेल ती गोष्ट आधी सांगतो. मेन स्विच पाडून तुम्ही काहीही बिघडवलेलं नाही. आधी विंडोज बंद, मग यूपीएस, मग स्विच, हाच बरोबर क्रम आहे. मृगाच्या आधीच्या वादळांत खांबाजवळ वीज पडली की तिचा झटका तारेवरून थेट खोलीत येतो आणि लाइनला जोडलेलं यंत्र त्यात जातं. पुढच्या वेळी प्लगही काढून ठेवा आणि नेटची केबलही काढा, कारण झटका त्या वाटेनेही आत शिरतो. पण त्या संध्याकाळी तुम्ही संस्थेची वस्तू वाचवायचाच प्रयत्न केलात, आणि माझ्या मते तो बराचसा साधला आहे.

असं का म्हणतो, ते तुमच्याच पत्रात आहे. 'नो बूट डिव्हाइस फाउंड' ही ओळ पडद्यावर उमटायला काय काय चालू असावं लागतं ते बघा. पॉवर सप्लायने नीट व्होल्टेज दिलं पाहिजे, प्रोसेसर चालला पाहिजे, रॅम सापडली पाहिजे, पडद्याला चित्र देणारी चिप चालली पाहिजे आणि बोर्डातला बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी यंत्र जागं करणारा, प्रोग्राम शेवटपर्यंत धावला पाहिजे. सुरू होताना यंत्र स्वतःची तपासणी करतं, तिला पोस्ट म्हणतात. तुमचा सर्व्हर ती तपासणी पार करून पुढे डिस्क शोधायला गेला आणि तिथे अडला. बोर्डाचा डिस्कपुरता एखादा भाग गेला असेल ही शक्यता राहते, ती मी नाकारत नाही. पण 'बोर्ड (मदरबोर्ड) उडला' हे वाक्य या लक्षणांवरून निघत नाही. उडालेल्या बोर्डावर सहसा पडदा काळाच राहतो.

दुसरा धागा तारखेचा. बोर्डावर बटणासारखा एक चपटा सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ आणि बऱ्याच बोर्डांवर बायोसची सेटिंगही तो जिवंत ठेवतो. सात वर्षांत तो संपणं अगदी स्वाभाविक आहे. मग इतके दिवस कळलं का नाही? कारण सर्व्हर बंद असला तरी प्लग चालू असेपर्यंत पॉवर सप्लाय बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो, आणि तेवढ्यावर घड्याळ चालतं. तुमचा यूपीएस बहुधा वर्षानुवर्षं पूर्ण बंद झालाच नसेल. त्या रात्री प्रथमच यंत्राला तासन् तास काहीच मिळालं नाही, आणि सेल मेलेला असल्याचं उघड झालं. सेल आधीच गेला होता. लांबलेल्या भारनियमनाच्या एखाद्या रात्री हेच झालं असतं. संचालकांना हे याच शब्दांत सांगा.

सेटिंग पुसली गेली की बायोस कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जातो, आणि तिथेच डिस्क 'हरवतात'. तुमच्या दोन डिस्क एकमेकींची नक्कल आहेत, म्हणजे रेड १. लहान सर्व्हरमध्ये हे काम बहुतेक वेळा बोर्डावरचंच कंट्रोलर करतं, आणि त्यासाठी डिस्कचा मोड 'रेड' ठेवावा लागतो. मूळ सेटिंगमध्ये तो 'एएचसीआय', म्हणजे प्रत्येक डिस्क सुटी धरणारा, असू शकतो. तसंच विंडोज यूईएफआय या सुरू होण्याच्या नव्या पद्धतीने बसवलं असेल आणि बायोस लेगसी या जुन्या पद्धतीवर गेला असेल, तर डिस्क ठणठणीत असूनही त्याला त्यातलं विंडोज ओळखू येत नाही. यातलं काहीही झालं तरी पडद्यावर तुम्हाला दिसली तीच ओळ येते.

पंखे दोनदा फिरून थांबले, त्याचंही घाबरण्यासारखं कारण असेलच असं नाही. सेटिंग गेल्यावर बोर्ड रॅमची नव्याने जुळवणी करतो, आणि त्यात एक-दोनदा स्वतःच बंद होऊन सुरू होतो. सर्व्हरला घरच्या कॉम्प्युटरपेक्षा जास्त वेळ लागतो, काही मिनिटंसुद्धा. त्या वेळात कोणीही बटण दाबू नये. सुरू केल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही, असं शिपायालाही सांगून ठेवा.

हा माझा अंदाज आहे, आणि तो तपासूनच खरा-खोटा ठरेल. पण तपासायच्या आधी डिस्क सुरक्षित करा. यंत्र पुन्हा विकत मिळतं, ठेवीदारांच्या नोंदी मिळत नाहीत. मार्चअखेरनंतरची सगळी पिग्मी, सगळी कर्जफेड त्या दोन डिस्कवरच आहे.

म्हणून आता पुन्हा पुन्हा चालू करून बघणं थांबवा. मोड चुकीचा असताना विंडोज एखाद्या वेळी एकाच डिस्कवरून सुरू होऊ शकतं. मग त्या डिस्कवर नवं लिहिलं जातं, दुसरी मागे राहते आणि दोघींचा मेळ तुटतो. त्यातच २०१८ ची तारीख असताना तुमचं बँकिंगचं सॉफ्टवेअर उघडलं तर व्याजाच्या आणि दिवसाच्या नोंदींचा घोळ निस्तरायला महिने जातील.

प्लग काढा. पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. कॅबिनेट उघडा आणि आतल्या उघड्या धातूला हात लावून मगच पुढचं काम करा. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज फार साठते, त्यामुळे सिंथेटिक कपडे त्या दिवशी टाळा. मग मोबाइलने आतले सगळे फोटो काढा, कोणती केबल कुठे आहे ते स्पष्ट दिसेल असे. दोन्ही डिस्कवर आणि त्यांच्या केबलवर पांढरी पट्टी चिकटवून १ आणि २ लिहा, बोर्डावरच्या सॉकेटचा क्रमांकही लिहा. मगच दोन्ही डिस्कच्या केबल काढा. यानंतर बोर्डावर काहीही प्रयोग झाला तरी नोंदींना धक्का लागणार नाही.

जमलं तर याच टप्प्यावर डिस्क १ ची सेक्टर-टू-सेक्टर, म्हणजे कण न् कण जशीच्या तशी, नक्कल काढून घ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या नव्या डिस्कवर. हे विंडोजवर करू नका. विंडोज नवी डिस्क दिसली की तिच्यावर काही ना काही लिहू पाहतं, आणि 'इनिशियलाइज' करू का म्हणून विचारतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने ही नक्कल निघते. मूळ कोणती आणि नवी कोणती यात उलटापालट झाली तर सगळंच जाईल, म्हणून दोन्हींचे सिरीयल नंबर कागदावर लिहून घ्या आणि मगच आज्ञा द्या. तुमच्याकडे कोणाला येत नसेल तर पुसदला आणि यवतमाळला अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, तिथल्या संगणक विभागात लिनक्स हाताळणारं कोणीतरी भेटेल. मात्र डिस्क एकटी पाठवू नका. ठेवीदारांची नावं, आधार, खात्यातल्या रकमा त्यात आहेत. संस्थेचं माणूस शेजारी बसलं पाहिजे आणि काम तुमच्यासमोर झालं पाहिजे. डिस्कमधून टक-टक असा ठरावीक आवाज येत असेल तर मात्र तिला वीजच देऊ नका. ते डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचं काम आहे, आणि प्रत्येक वेळी चालू केल्याने तिचं आणखी नुकसान होतं.

आता वीज. गावातल्या निम्म्या 'सर्व्हर बिघडला'च्या तक्रारी भिंतीतल्या सॉकेटपाशी सुटतात, असं माझं मत आहे. तुमच्या वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्टच्या आसपास मिळालं पाहिजे. फेज आणि अर्थ यांच्यातही जवळपास तेवढंच. ते खूप कमी किंवा हेलकावे खाणारं आलं तर तिसऱ्या पिनला अर्थिंगच नाही असं समजा. न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज २-३ च्या वर नको. आपल्या काळ्या जमिनीची एक खोड आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपभोवतीची माती सुटून संपर्क तुटतो. पावसाळ्यात जे अर्थिंग उत्तम असतं ते मे महिन्यात नावापुरतं उरतं. त्या खड्ड्यात उन्हाळाभर नियमित पाणी टाकायची जबाबदारी एका माणसावर लिहून द्या.

चाचणीपुरता यूपीएस बाजूला काढा आणि लाइन स्थिर असताना सर्व्हर थेट सॉकेटला लावा. यूपीएसची बॅटरी कमकुवत असेल तर पंखे फिरून थांबण्याचं कारण तीच असू शकते, कारण सुरू होतानाचा भार जास्त असतो. उष्णतेने या बॅटऱ्या लवकर संपतात. ढोबळमानाने तापमान १० अंशांनी वाढलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं. त्यामुळे आपल्याकडे डब्यावर लिहिलेल्या वर्षांवर विसंबून चालत नाही. पॉवर सप्लायचा डबा मात्र कोणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त दाब राहू शकतो.

डिस्क सुटलेल्याच ठेवून सेल बदला. घड्याळाच्या किंवा मोबाइलच्या दुकानात मिळतो, काही रुपयांचं काम आहे. जुना मीटरवर मोजून आकडा लिहून ठेवा. नवा ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, तुमचा बहुतेक बराच खाली असेल. अधिक चिन्हाची बाजू वर. आता सुरू करा, दहा मिनिटं थांबा आणि सेटिंगमध्ये जा. एफ२ किंवा डिलीट, जे तुमच्या कंपनीचं असेल ते बटण. सर्वात आधी तारीख आणि वेळ दुरुस्त करा. मग डिस्कचा मोड आणि बूटची पद्धत बघा. सर्व्हर बसवला तेव्हाचा बिलाचा किंवा कामाचा कागद शोधा, बसवणाऱ्याला फोन करा, पूर्वी रेड होतं की नाही ते त्याच्याकडून पक्कं करा. सेटिंग जतन करा, बंद करून प्लग काढा, डिस्क पट्टीवरच्या क्रमांकाप्रमाणे जोडा आणि पुन्हा सुरू करून सेटिंगच्याच पडद्यावर थांबा.

इथे पडद्यावर जे दिसेल त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. दोन्ही डिस्क नावानिशी आणि आकारानिशी दिसल्या, तर बोर्ड, केबल आणि डिस्क यांचं एकमेकांशी बोलणं चालू आहे. मग रेडच्या पडद्यावर 'नॉर्मल' किंवा 'डिग्रेडेड' असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. नॉर्मल असेल तर विंडोज सुरू होऊ द्या. डिग्रेडेड असेल, तर एक डिस्क संघातून बाहेर पडली आहे, पण दुसरीवर काम चालू शकतं. तेव्हा आधी पूर्ण बॅकअप, मग नवी डिस्क, मग रीबिल्ड (नव्या डिस्कवर पुन्हा नक्कल उतरवणं), हाच क्रम ठेवा. रीबिल्डमध्ये उरलेली जुनी डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचली जाते, आणि तीही सात वर्षांचीच आहे. एकच डिस्क दिसली, तर केबल आणि सॉकेट बदलून बघा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते वहीत लिहा. एकदम तीन गोष्टी बदलल्या तर सर्व्हर सुरू होईल, पण दोष कशात होता हे कधीच कळणार नाही. दोन्ही दिसल्या नाहीत, तर डिस्ककडे जाणारी पॉवरची केबल आधी तपासा. दोन चांगल्या डिस्क एकाच रात्री मरणं त्या मानाने दुर्मीळ असतं. केबल बदलूनही, दुसऱ्या यंत्रात नीट दिसणारी डिस्क या बोर्डाच्या एकाही सॉकेटवर दिसली नाही, तर मात्र मिस्त्रींचं म्हणणं विचारात घ्यावं लागेल.

या सगळ्यात यंत्र तुम्हाला प्रश्न विचारेल. 'क्रिएट', 'इनिशियलाइज', 'क्लिअर', 'फॉरमॅट' यातला कोणताही शब्द प्रश्नात असला की उत्तर 'नो'. कळत नसेल तेव्हाही 'नो'. पडद्याचा फोटो काढा आणि बंद करा. चांगल्या डिस्कवरच्या नोंदी घाईत दाबलेल्या एका 'येस'ने जातात, आणि मग त्या कोणालाही परत आणता येत नाहीत.

विंडोज सुरू झालं की इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडा. ४१ किंवा ६००८ क्रमांकाच्या नोंदी दिसल्या तर यंत्र कधीतरी रीतसर बंद न होता गेलं होतं, एवढंच त्या सांगतात. त्या रात्री तुम्ही नीट बंद केलं होतं, तेव्हा त्या तारखेला त्या नसतील. याची छापील प्रत सभेत न्या. डिस्कच्या नावाने ७ क्रमांकाची नोंद असेल तर तिच्यात खराब ब्लॉक आहे. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्या 'स्मार्ट' तपासणीत ५, १९७ आणि १९८ या ओळींचा मूळ ('रॉ') आकडा शून्य असावा. वाढत असेल तर डिस्क बदलायची वेळ झाली. १९९ वाढत असेल तर संशय केबलवर घ्यायचा.

नव्या सेलनंतर पडदा उजळलाच नाही, तरच रॅमकडे वळा. प्लग काढून रॅमच्या सगळ्या पट्ट्या काढा, संपर्काचे सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, एकच पट्टी बोर्डावर पहिली म्हणून दाखवलेल्या खाचेत बसवून सुरू करा. नाही झालं तर दुसरी पट्टी. बीपचे आवाज आले तर ते मोजा आणि तुमच्याच मॉडेलच्या माहितीपुस्तकात पाहा, प्रत्येक कंपनीचा अर्थ वेगळा असतो. दुसऱ्या कॉम्प्युटरची रॅम घालून बघायचा मोह टाळा, सर्व्हरची बऱ्याचदा निराळ्या जातीची असते.

खोलीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणून विचारतो. सर्व्हरच्या शेजारी कूलर आहे का? विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही हे मलाही माहीत आहे. पण कूलरची हवा ओली असते, आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे बारीक तुषार तिच्याबरोबर येतात. ते बोर्डावर बसून संपर्क गंजवतात. कूलरचा झोत सर्व्हरवर नको. बऱ्याच सर्व्हरना आत जाणारी हवा ३५ अंशांपर्यंतच चालते, आणि मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४५ असतं. टिनाच्या छताखाली ठेवला असेल तर जागा बदला, छोटा एसी शक्य असेल तर तो सर्व्हरच्या खोलीत लावा. जिनिंगजवळ असाल तर रुईचे तंतू पंख्यांत आणि हीटसिंकमध्ये नमद्यासारखे जमतात, ते दिवाळीनंतरच्या हंगामात वारंवार काढावे लागतात. पाल आत शिरू नये म्हणून मागच्या रिकाम्या खाचांवर पत्र्या बसवून घ्या.

तोवर वहीतली रोजकीर्द चालूच ठेवा, पावतीचे क्रमांक सलग ठेवा आणि एजंटची सही रोजच्या रोज घ्या. नंतर त्या नोंदी भरताना कोणताही दिवस गाळू नका, आणि भरलेली प्रत्येक ओळ दुसऱ्या माणसाकडून ताडून घ्या.

सोमवारी सभेत नवा सर्व्हर घ्यायचा ठराव घाईने होऊ देऊ नका. मिस्त्रींनी कोणत्या चाचणीवरून बोर्ड गेला म्हटलं ते त्यांच्याकडून लेखी मागा. त्यात कमीपणा कोणाचाच नाही, प्रामाणिक कारागीर ते आनंदाने लिहून देईल. तुमच्याकडून सेलचं मोजलेलं व्होल्टेज, सॉकेटचे तीन आकडे आणि सेटिंगच्या पडद्याचा फोटो ठेवा. ठराव करायचाच तर दोन नव्या डिस्कचा, यूपीएसच्या बॅटरीचा आणि रोज संध्याकाळच्या बॅकअपचा करा. एक प्रत आलटून-पालटून वापरायच्या दोन बाहेरच्या डिस्कवर, त्यातली एक रात्री इमारतीबाहेर, आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखादं खातं खरोखर उघडून पाहायचं. सात वर्षांचा सर्व्हर आज ना उद्या बदलावा लागेलच, पण तो नोंदी हातात आल्यावर, तीन दरपत्रकं मागवून, शांतपणे बदलता येईल.

मॉडेलचा क्रमांक, सेल बदलल्यानंतरच्या पडद्याचा फोटो आणि डिस्क किती दिसतात एवढं मला कळवा. रेडच्या पडद्यावर अडलात तर काहीही दाबण्याआधी कळवा, त्याच दिवशी उत्तर देईन.